एकाच चालीतलं ये आणि जाय

सुरतेतल्या डिंडोलीच्या त्या खानदेशी गल्लीत श्रावणातली कानबाई देवी कोणाच्याही घरी बसो, गाणं उचलणार प्रमिलाबाईच, हे ठरलेलं. बाकीच्या बाया गळा फाडायला तयार असत, पण पहिला शब्द टाकायची छाती एकीचीही नव्हती. शब्द प्रमिलाबाईनं टाकायचा आणि बायांनी तो झेलायचा, अशी रीत होती. ती रीत तिनंच पाडलेली, त्यामुळे मोडायची कोणाची बिशाद नव्हती. शेजारच्या उषाबाईनं एकदा मध्येच आपला शब्द घुसवून पाहिला होता. पुढे कित्येक दिवस प्रमिलाबाई नळावर तिच्याशी बोलली नाही.

या गाण्यांमध्ये एक गंमत होती, ती प्रमिलाबाईच्या माहेरची, शिरपूरकडची. कानबाईला बोलावायचं गाणं आणि तिची बोळवण करायचं गाणं, दोन्हींची चाल एकच. रविवारी नारळाला डोळे लावून, नथ घालून, साडी नेसवून तिला चौरंगावर बसवलं की म्हणायचं, "ये वं माय, ये." रात्रभर जागरण झालं की सोमवारी सकाळी तिला तापीवर नेताना म्हणायचं, "जाय वं माय, जाय." येताना चाल टाळ्यांवर पळते, जाताना पाय ओढत चालते. शब्द तेवढा एक बदलतो. लग्न होऊन सुरतेला येताना प्रमिलाबाईनं माहेरहून फार काही आणलं नव्हतं, पण ही चाल आणली आणि साऱ्या गल्लीला शिकवली.

आणि शहाण्णव सालच्या श्रावणात, भर नदीवर, तिनं जाय म्हटलंच नाही.

कारण होतं लोटू, तिचा नवरा. उधन्याच्या मागांवर या माणसाची सारी उमर गेली. माग कापड बाहेर टाकतो आणि भुगा माणसाच्या आत टाकतो, हे तिथं सगळ्यांनाच ठाऊक असतं, पण पोट काही भुग्याला घाबरून थांबत नाही. दोन वर्षांमागे, प्लेगच्या वर्षी अख्खी गल्ली मिळेल त्या गाडीनं गावी पळाली, तेव्हा हा पठ्ठ्या घराला कुलूप न लावता ओट्यावर बिडी ओढत बसला होता. प्लेगनं त्याला हात लावला नाही. छातीनं लावला. उन्हाळ्यात खोकल्यातून रक्त पडलं. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरनं फोटो उजेडात धरला, प्रमिलाबाईला बाजूला घेतलं आणि म्हणाला, "मावशी, घरी न्या. खायचं ते खाऊ घाला. पाऊसपाणी संपेपर्यंत आहेत म्हणा."

म्हणून त्या वर्षी तिनं कानबाई आपल्याच घरात बसवली. नैवेद्याचे रोट केले, रात्रभर गायली, माय माय करून घसा बसवला. सोमवारी सकाळी वाजतगाजत सगळे तापीवर गेले. दरवर्षी कानबाई घेऊन कंबरभर पाण्यात उतरायचा मान लोटूचा. यंदा तो घरी उशांच्या ढिगावर ओणवा होऊन बसलेला, म्हणून जेठाचा, त्याच्या थोरल्या भावाचा, मुलगा उतरला. बाया काठावर उभ्या राहिल्या आणि प्रमिलाबाईच्या तोंडाकडे पाहू लागल्या. प्रमिलाबाईनं दातावर दात घट्ट दाबून धरले. उषाबाईनं कोपरानं ढोसलं. बँडवाल्यांना काही कळेना, ते आपले वाजवतच राहिले. शेवटी पोरानं पाण्यात डुबकी मारली आणि कानबाई गेली. कोणी तिला जाय म्हटलंच नाही.

रात्रीच्या गाण्यानं घसा गेला असेल, असं बायांना वाटलं, आणि प्रमिलाबाईनं ते तसंच राहू दिलं. तिच्या मनातला हिशेब वेगळाच होता. बोळवण झाली नाही, म्हणजे माय गेलीच नाही. माय घरात, दार बंद. मग घरातलं माणूस कसं बाहेर पडेल? तुम्ही हसाल. हसा बापडे. ज्याचं जळतं त्याला कळतं. आणि झालंही तसंच. पाऊसपाणी संपलं, दसरा गेला, दिवाळी गेली, आणि लोटू होता. डॉक्टर तोंडात बोट घालून बघत राहिला. प्रमिलाबाई कोणाला काही बोलली नाही, पण लोटूला पेज भरवताना तिच्या मनात यायचं, बघा, यांना कसं धरून ठेवलं मी.

कसं ठेवलं होतं, हे मात्र ती बघत नव्हती. लोटूला आडवं होता येत नव्हतं. रात्र रात्र तो उशांवर ओणवा बसायचा, श्वास घेताना गळ्याच्या शिरा दोरीसारख्या ताणल्या जायच्या. पेजेचा घोट गिळायचा तर आधी श्वासाची परवानगी घ्यावी लागायची. दारात येणारी माणसं हळू आवाजात एकच बोलायची, जीव कुणात तरी अडकला आहे बघा. मग जळगावहून भाऊ येऊन गेला, गावाकडची आत्या येऊन गेली. जीव काही सुटला नाही.

आता या सगळ्यात पियानो कुठून आला, ते सांगायला हवं. प्रमिलाबाई नानपुऱ्यात नरगिसबाईंकडे स्वयंपाकाला जायची. नरगिसबाई पारशी, एकटीच, वयानं पिकलेली. दिवाणखान्यात आजोबांच्या वेळचा काळा पियानो, त्याचे पाय वाळवीच्या धाकानं रॉकेल घातलेल्या पत्र्याच्या डब्यांत उभे. प्रमिलाबाईची मुलगी उज्ज्वला शाळा सुटली की आईसोबत तिथं बसायची. पियानोवरची धूळ पुसता पुसता तिनं एक दिवस पट्टी दाबली, मग दुसरी दाबली. नरगिसबाई आतून ओरडत आल्या आणि पोरीची बोटं बघून गप्प झाल्या. "बेस नी, दीकरा," म्हणत त्यांनी तिला पियानोसमोर बसवलं, आणि तिथून पुढे रोज तिला शिकवत राहिल्या. लोटूनं पियानो एकदाच पाहिला. म्हणाला, "हाई तं पेटीनी मावशी शे." त्यानंतर घरात पियानोला मावशीच म्हणत.

उज्ज्वला आता चोवीस वर्षांची होती. शाळेत संगीत शिकवायची आणि संध्याकाळी नानपुऱ्यात मावशीपाशी बसायची. नरगिसबाईंनी तिला परदेशी लोकांची चर्चमधली भजनं, प्रार्थना, त्यांच्यावरून पियानोसाठी रचलेल्या चिजा वाजवायला शिकवल्या होत्या. त्या ऐकता ऐकता पोरीच्या डोक्यात आलं, यांच्या देवाची गाणी पियानोवर चालतात, मग आपल्या कानबाईनं काय घोडं मारलंय? वर्षभर ती तेच करत होती. आईच्या मागे लागून गाणी म्हणवून घ्यायची, नानपुऱ्यात जाऊन वाजवायची, पुन्हा येऊन विचारायची. रचनेचं नाव ठेवलं 'कानबाई'. डिसेंबरात एका शाळेच्या हॉलमध्ये इंग्रजी संगीताच्या शौकिनांची बैठक होती, तिथं ती हे वाजवणार होती. मुंबईहून एक नावाजलेले शिक्षक ऐकायला येणार होते. त्यांना आवडलं तर ते तिला शिकायला घेतील, असं नरगिसबाईंनी पत्र पाठवून ठरवलं होतं.

बैठकीच्या आधीच्या रविवारी नरगिसबाईंनी प्रमिलाबाईला स्वयंपाकघरातून हाताला धरून बाहेर आणलं आणि खुर्चीवर बसवलं. त्या घरात प्रमिलाबाई खुर्चीवर पहिल्यांदाच बसली. पदराला हात पुसत ती कडेला टेकली.

उज्ज्वला वाजवू लागली. सुरुवातीला डाव्या हातानं खाली दोनच सूर, ढोल लांबून यावा तसे. मग उजव्या हातानं चाल उचलली, पळती, टाळ्यांची. प्रमिलाबाईच्या अंगावर काटाच आला. तीच होती, ये वं माय, ये. पण बाया नव्हत्या, शब्द नव्हते, तरी सगळं होतं. मधूनच पोर दोन्ही हात एकदम आपटायची, तेव्हा पंचवीस बायांची टाळी पडल्यासारखं वाटायचं. दुसऱ्या भागात जागरण आलं. एक चाल दुसरीवर पडतेय, कोणी पेंगतेय, कोणी चहा मागतेय, मध्येच एक म्हातारी भलत्याच पट्टीत सुरू होतेय, हे सगळं पोरीनं त्यात घातलं होतं. म्हातारीची पट्टी ऐकून प्रमिलाबाईला हसू फुटलं. ही तर वरच्या आळीची गंगू आजी, असं ती मोठ्यानं म्हणाली, आणि नरगिसबाईंनी ओठांवर बोट ठेवलं.

मग तिसरा भाग आला. डावा हात एका सुरावर बसला आणि तिथून हलेना. उजव्या हातानं तीच पहिली चाल घेतली, पण आता सावकाश. एक सूर, मग थांबणं, मग दुसरा, ओल्या वाळूतून चालावं तशी. प्रमिलाबाईचं हसू जागच्या जागी विरलं. ती उठली, पियानोपाशी गेली आणि दोन्ही तळहात पट्ट्यांवर दाबले. पियानो भेसूर ओरडला.

"बंद कर," ती म्हणाली. "हाई काय वाजाडी राहिनी तू?"

"आई, हे 'ये' आहे," उज्ज्वला म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. "तेच, पहिलंच. फक्त पुन्हा येतं शेवटी."

"माले शिकाडू नको. टाळी नही, पाय घशीटस. ते जाय शे."

"पियानोला तोंड नाही, आई. त्यात ये पण नाही आणि जाय पण नाही. ज्यानं जे ऐकायचं ते ऐकावं."

"तू काय वाजाडं ते सांग."

उज्ज्वलानं मान खाली घातली. तिला खोटं बोलता येत नव्हतं, हा तिचा दोष होता आणि तो तिनं बापाकडून घेतला होता. "जाय," ती शेवटी म्हणाली. "लहानपणापासून दरवर्षी नदीवर ऐकलंय. त्याच्याशिवाय हे पुरं होत नाही. यंदा तू म्हटलं नाहीस, म्हणून आठवून आठवून बसवलं."

"मी म्हटलं नही ते काय घसा बठना म्हनीसन?"

"मला माहीत आहे कशासाठी नाही म्हटलंस," उज्ज्वला म्हणाली. "सगळ्यांना माहीत आहे. आबांना पण. तू त्यांच्यासाठी नाही गं, तू तुझ्यासाठी..." आणि पुढचं तिनं गिळलं.

प्रमिलाबाईचा हात उठला होता. नरगिसबाई मध्ये आल्या, म्हणून तो पडला नाही. मग तिनं हातापेक्षा वाईट गोष्ट केली. "तुना बापनी आण शे तुले," ती म्हणाली. "हाई वाजाडशी तं बापना जीव घेशी. घे आण." पोरगी रडत नव्हती, नुसती आईकडे बघत होती. नरगिसबाईंना भाषा कळली नाही, पण काय चाललंय ते कळलं, आणि त्यांनी पियानोचं झाकण हळूच लावून टाकलं. उज्ज्वलानं झाकणावर हात ठेवून आण घेतली.

बैठक झाली. प्रमिलाबाई गेली, कारण न जाता तिला राहवलं नसतं. हॉलमध्ये नेटक्या साड्यांतल्या बाया, टायवाले बाप्ये, पंखे बंद ठेवलेले. उज्ज्वलानं दोन भाग वाजवले. सगळे कान देऊन होते, मागच्या रांगेतला एक बाप्या तर ढोलाच्या जागी मान हलवत होता. जागरण रंगात आलं, म्हातारीची पट्टी आली, चाली एकमेकींवर चढल्या, आणि पोरीनं हात उचलून मांडीवर ठेवले. झालं. कोणाला कळेचना. पान उलटायचं राहिलं असेल, असं वाटून माणसं वाट बघत बसली. उज्ज्वला उठून उभी राहिली, तेव्हा कुठं टाळ्या पडल्या, त्याही फुटक्या. प्रमिलाबाईला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मुंबईचे पाहुणे सभ्य होते. ते उज्ज्वलाला हिंदीत म्हणाले, "बेटी, हाथ अच्छा है, सोच भी अच्छी है। लेकिन ये रुक गया, खत्म नहीं हुआ। अंत लिखो, फिर मुंबई आओ।" अंत लिहून झालेला आहे, हे पोरीनं त्यांना सांगितलं नाही. शटल रिक्षात ती आईच्या शेजारी बसली, उधना दरवाजा गेला, रेल्वेचा पूल गेला, आणि सारा वेळ ती बाहेरच बघत राहिली.

घरी लोटू वाटच बघत होता. नरगिसबाईंनी हॉलमधलं वाजवणं आपल्या टेपवर भरून कॅसेट दिली होती. लोटूनं खुणेनं ती लावायला सांगितलं. गल्लीतले माग खडखडत होते, म्हणून उज्ज्वलानं टेप त्याच्या कानाशी धरली. तो डोळे मिटून ऐकत होता. ढोल आला तेव्हा त्याची बोटं उशीवर हलली. जागरण आलं तेव्हा तो हसला, आणि त्या हसण्याची किंमत म्हणून बराच वेळ खोकला. मग कॅसेट थांबली. नुसती खरखर राहिली. लोटूनं डोळे उघडले आणि आधी पोरीकडे, मग बायकोकडे पाहिलं.

"शेवट कोठे शे?" त्यानं विचारलं.

"इतलंच शे," प्रमिलाबाई म्हणाली.

"नही." एका श्वासात त्याचे दोन शब्द निघत, तेवढेच तो बोलायचा आणि थांबायचा. "मी पानीमा उतरस... दरसाल. मना पाठवर... तू म्हनस. माले... ठाऊक शे... काय बाकी शे ते."

उज्ज्वला उठून बाहेर ओट्यावर गेली. प्रमिलाबाई पेजेचं पातेलं उगाच ढवळत राहिली.

"यंदा तू... म्हटलं नही," लोटू म्हणाला. "पोऱ्यानी सांगं. मी तवयच... समजनू." त्यानं श्वास गोळा केला. आरोप नव्हता त्यात, राग तर नव्हताच, आणि म्हणूनच प्रमिलाबाईला ते ऐकवेना. "चांगलं धरं तू माले. पन मी... उबगनू वं. आते सोड."

"असं बोलू नका," ती म्हणाली. "तुम्हले काय कमी करं मी?"

"काहीच नही," लोटू म्हणाला. मग त्याला खोकल्याची उबळ आली आणि बोलणं तिथंच राहिलं. प्रमिलाबाईनं त्याची पाठ चोळली. हाताखाली पाठ कुठं होती? नुसत्या फासळ्या, आणि प्रत्येक श्वासाला त्या जाळ्यासारख्या उघडायच्या, मिटायच्या. इतके महिने ती हीच पाठ चोळत होती. त्या दिवशी पहिल्यांदा तिच्या मनात आलं, की मी यांना जगवत नाही, मी यांना जाऊ देत नाही. या दोन गोष्टी एक नाहीत. हा विचार तिला इतका झोंबला, की पातेलं तसंच चुलीवर टाकून ती मोरीत गेली आणि तोंडात पदर कोंबून रडली.

सकाळी उषाबाईला लोटूपाशी बसवून ती नानपुऱ्याला गेली. उज्ज्वलाला शाळेत जाऊ दिलं नाही, सोबत घेतलं. नरगिसबाई अजून झग्यातच होत्या. प्रमिलाबाईनं त्यांना नमस्कार केला आणि स्वयंपाकघराकडे न वळता सरळ पियानोपाशी गेली. रॉकेलच्या डब्यांना पाय लागू न देता ती कडेला उभी राहिली.

"ते वाजाड," ती म्हणाली.

उज्ज्वलाला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा म्हणाली, "तू आण घातलीस ना."

"मी घाली, मीच काढस. मना डोकावर येऊ दे सगळं." प्रमिलाबाईनं पोरीच्या डोक्यावरून हात फिरवून आपल्या कानशिलाशी बोटं मोडली. "वाजाड, आनि टेपमा भर. त्यास्ले ऐकाडनं शे."

"ये वाजवू का जाय?" उज्ज्वलानं विचारलं. तिचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता.

"तू वाजाड. शब्दनं मी देखसू."

नरगिसबाईंनी टेप पियानोवर ठेवली आणि कळ दाबली. उज्ज्वला वाजवू लागली. डावा हात एका सुरावर बसला. उजव्या हातानं चाल उचलली, पाय ओढत, थांबत, सावकाश. या वेळी प्रमिलाबाईनं मध्ये हात घातला नाही. ती भिंतीला टेकून उभी होती, ओठ मिटून. चाल एकदा झाली, दुसऱ्यांदा झाली. तिसऱ्यांदा उज्ज्वलानं तिच्यातले सूर एकेक करून काढून टाकले, असे की शेवटी डाव्या हाताचा तो एकटा सूरच उरला, आणि मग तोही आपल्या आपण विझला. वाजवून झाल्यावर नरगिसबाईंनी चष्मा काढून झग्यानं पुसला. "हवे पूरू थयू," त्या म्हणाल्या. आता पुरं झालं.

त्या दुपारी डिंडोलीत वीज गेली होती. माग बंद, गल्ली शांत, इतकी की कोणाच्या घरात भांडं घासलं जातंय तेही ऐकू यावं. टेपमध्ये सेल होते. लोटूची तब्येत सकाळपासून उतरलीच होती. त्याची नखं निळी पडली होती आणि उषाबाईनं दोन-चार शेजारणींना बोलावून ठेवलं होतं. प्रमिलाबाई आत आली, कोणाशी न बोलता त्याच्या मागे उशांच्या जागी स्वतः बसली आणि त्याचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं. उज्ज्वलानं त्याच्या पायाशी बसून टेप लावली.

चाल सुरू झाली तशी लोटूनं ती ओळखली. त्याचा श्वास चढतच होता, पण चेहऱ्यावरचा ताण जरासा सैल झाला. दारातल्या बायांनीही ओळखली. सगळ्यांनी एकदम प्रमिलाबाईच्या तोंडाकडे पाहिलं, सवयीनं, नदीवर पाहायच्या तसं. चाल एकदा होऊन गेली. ये म्हणावं असं तिच्या जिभेवर इतकं आलं, की तिनं जीभ चावली. एकदाच ये म्हणायचं, बाया झेलतील, अजून एक महिना, अजून एक संक्रांत. आपल्या खांद्यावर त्याच्या गळ्याच्या शिरा ताणल्या जाताना तिला जाणवत होत्या. चाल दुसऱ्यांदा सुरू झाली.

"जाय," ती म्हणाली. गाणं नव्हतं ते, घोगरा आवाज होता. मग तिनं सूर पकडला. "जाय वं माय, जाय."

बायांनी शब्द झेलला नाही. श्रावण नाही, कानबाई बसलेली नाही, घरात माणूस असं पडलेलं, आणि ही बाई बोळवण म्हणतेय. उषाबाईनं तोंडाला पदर लावला. प्रमिलाबाई एकटीच म्हणत राहिली, पियानोच्या मागोमाग, आणि तिला वाटलं, आता मी हा शब्द टाकला तो जमिनीवर पडला, कोणी उचलायलाच नाही.

तेव्हा लोटूचे ओठ हलले. या माणसानं आयुष्यात कधी गाणं म्हटलं नव्हतं. बाया गायच्या आणि तो पाण्यात उतरायचा, एवढाच त्याचा गाण्याशी संबंध. प्रमिलाबाईनं कान त्याच्या तोंडाशी नेला.

"जास," तो म्हणाला.

आपल्यात घराबाहेर पडणारं माणूस जातो म्हणत नाही. कामावर जाणारा, गावाला जाणारा, नुसता कोपऱ्यावर तंबाखू आणायला जाणारासुद्धा येतो म्हणतो. कोणी चुकून जातो म्हटलंच तर घरातली बाई तिथल्या तिथं टोकते, असं नको म्हणू, येतो म्हण. प्रमिलाबाईच्याही ओठांवर ते आलंच होतं. येस म्हना, जास नका म्हनू. तिनं ते तसंच आत ओढून घेतलं.

"हां," ती म्हणाली. "जा."

दिवे लागायच्या आत लोटू गेला, आणि तोवर तिनं जायशिवाय दुसरा शब्द काढला नाही.